तो पांढऱ्या सुटातला हो!

"फानुच्ची? बस्स, एवढंच? अगं अश्विनी, ज्यानं उभा जन्म रंगभूमीवर आणि पडद्यावर घालवला त्याची तू एका पांढऱ्या सुटावर बोळवण करतेस?"

काकूंनी हातातली शेवग्याची जुडी कुंपणाच्या कठड्यावर ठेवली. आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, काकूंनी हातातलं काही खाली ठेवलं की समोरच्यानं घरात जाऊन गॅस बंद करून यावं. मी बंद करून आले.

झालं होतं एवढंच, की आदल्या रात्री आमच्याकडे 'गॉडफादर'चा दुसरा भाग बघितला होता आणि सकाळी कपडे वाळत घालताना मी सहज म्हटलं, "काकू, त्यातला तो खंडणी मागणारा काय बेणं आहे हो!" काकू ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून दुपारभर जुने इटालियन सिनेमे बघतात. खाली इंग्रजी अक्षरं येतात, त्यांच्यावर भागवतात. त्यामुळे त्यांना हे बोलणं झोंबलं.

"बेणं तो फानुच्ची. मोस्किन नव्हे. गास्तोने मोस्किन, नाव घे."

"मोस्किन."

"हां. व्हेरोनाच्या शेजारी सान जोव्हान्नी लुपातोतो म्हणून गाव आहे, तिथला. जन्म ८ जून १९२९. म्हणजे पक्का उत्तरेचा. आणि फानुच्ची कुठला? सिसिलीकडचा. चंद्रपूरच्या माणसानं मालवणीत भांडून दाखवावं तसं आहे ते. आणि याने दाखवलं! अमेरिकेतल्या लोकांना वाटलं, हा तिथल्याच गल्लीतून उचलून आणलेला कुणी तरी दादा असणार."

"पण काकू, भूमिका किती छोटी होती."

"छोटी? बरं, मला सांग, काय काय आठवतं तुला त्यातलं?"

मी आठवायला लागले. पांढरी हॅट. जाड मिशा. नाटकाच्या थिएटरात पुढे उभा राहतो आणि मागचा कुणी तरी ओरडतो, ए, बस की खाली. हा मागे वळून नुसता बघतो, आणि ओरडणाऱ्याची पाचावर धारण बसते. मग मागच्या खोलीत जाऊन थिएटरवाल्याला दम देतो, त्याच्या पोरीला सुरा लावतो. तरुण व्हितो, म्हणजे डी नीरो, हे बघतो आणि सोबत्याला विचारतो, हाही आपल्यातलाच ना, मग आपल्याच माणसांना का छळतो?

"बघ, सांगता सांगता तुझा अर्धा सिनेमा झाला की," काकू म्हणाल्या. "आणि हॅटखालचे पैसे विसरलीस. कॉफीच्या दुकानात टेबलावर त्याची हॅट ठेवलेली. व्हितो पैसे तिच्याखाली सरकवतो. हा हॅट उचलतो, बघतो, तर १०० डॉलर. मागितलेले असतात कितीतरी जास्त. आता दुसरा कुणी नट असता तर टेबल उलथं केलं असतं. हा काय करतो? गालात हसतो. पोरगं धीट आहे म्हणून खूश होतो, कामालाच ये म्हणतो. अगं, तिथंच तो मरतो बघ. गोळ्या नंतर लागतात."

"आणि तो दिवा!"

"तो दिवाच!" काकूंनी कठड्यावर हात आपटला, दोन शेंगा आमच्या बाजूला पडल्या. त्या मी ठेवून घेतल्या. "सान रोक्कोची जत्रा चाललीय, मूर्तीला नोटा अडकवल्यात, बँड वाजतोय. हा मधून राजासारखा चाललाय आणि वर गच्च्यांवरून व्हितो त्याच्या मागं. वाटेत कठपुतळीचा खेळ. बाहुल्या तलवारींनी एकमेकांना हाणतायत. हा घटकाभर बघतो आणि म्हणतो काय, की आपल्याला हे फार हिंसक आहे बुवा! मग घराशी येतो. जिन्यात दिवा लुकलुकतोय, कारण व्हितोनं तो आधीच सैल करून ठेवलाय. हा थांबतो आणि बोटानं दिव्याला हळूच टिचकी मारतो. लागतो, विझतो. आपण नाही का करत, बल्ब ढिला झाला की? घरी आलेल्या दमल्या माणसाची सवय. एवढा गल्लीचा कर्दनकाळ, पण दिव्याला टिचकी मारतो तेव्हा भाड्याच्या खोलीत राहणारा साधा माणूस दिसतो. तेवढ्यात टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल. टॉवेल पेटतो..."

"कुणाचा टॉवेल पेटला?" समोरच्या बंगल्यातून जोशीकाका गेट उघडून आले. हातात पेपर, पायात स्लिपर. 'गॉडफादर' हा शब्द त्यांना रस्त्यापलीकडून ऐकू येतो.

"फानुच्चीचं चाललंय," मी म्हटलं.

"अरे वा! पुझोच्या मूळ कादंबरीत त्याचं आणखी एक आहे बरं का. पोरं त्याचा गळा चिरतात आणि तो रक्त कपड्यांवर पडू नये म्हणून हनुवटीखाली हॅट धरून पळत सुटतो. सिनेमात ते कापलं होतं, नंतर टीव्हीसाठी लांबवलेल्या आवृत्तीत घातलं." जोशीकाकांनी चष्मा वर केला. "पण वहिनी, खरं सांगू का, त्या भागात बघावं ते डी नीरोला. ऑस्कर उगाच नाही दिलं."

"दिलं की. सहायक अभिनेत्याचं. त्याच सिनेमातले आणखी दोघे त्याच यादीत होते. ली स्ट्रासबर्ग आणि मायकेल गाझो. म्हणजे एका सिनेमाचे तिघं. आणि ज्याच्यामुळे डी नीरोला मारायला कुणी तरी मिळालं, त्याचं नाव कुठं आहे? चांगला मरणारा असेल तर मारणारा चमकतो, भाऊजी."

जोशीकाका गप्प बसले. काकूंनी 'भाऊजी' म्हटलं की ते गप्प बसतात.

"आता नीट ऐका दोघंही. याचं सगळं मूळ नाटकात आहे. रोमला सिल्व्हिओ द'आमिको यांच्या नावाची नाट्य अकादमी आहे. तिथं शिकला आणि पन्नासच्या दशकात जेनोव्हाच्या नाटकघरात लागला. मग मिलानचं पिक्कोलो, तोरिनोचं स्ताबिले. आता स्ताबिले म्हणजे काय, ते कळल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही."

"सांगा," मी म्हटलं. शेवग्याच्या शेंगांचं आजचं भवितव्य ठरून गेलं होतं.

"आधी इटलीत नाटक म्हणजे फिरत्या मंडळ्या. पेटारे, पडदे, बायकापोरं घेऊन या गावातून त्या गावात. प्रत्येकाचं खातं ठरलेलं. हा नायक, हा विनोदी, हा म्हातारा, हा चरित्र भूमिकांवाला. जन्मभर तेच. सांगलीत राहून मंडळ्यांच्या हालअपेष्टा तुम्हाला मी काय सांगायच्या! मग १९४७ साली जॉर्जो स्ट्रेलर आणि पाओलो ग्रासी या दोघांनी मिलानमध्ये पिक्कोलो काढलं. नगरपालिकेच्या पाठबळावर, एका जागी ठाण मांडून बसलेलं. त्याचं बघून बाकीच्या शहरांनीही काढली. आता अशा घरात नट लागला की त्याला एकच खातं धरून बसता येत नाही. या हंगामात एक, पुढच्या हंगामात दुसरंच. चेहरा पडलेला, डोकं मोठं, अंग भरलेलं, नायकाचं रूप नाही. असा माणूस तिथं घासून घासून तयार झाला."

"आणि मग सिनेमा?"

"सिनेमा कडेकडेनं. १९५५च्या सुमाराला सुरुवात. पण तुला एक गंमत सांगते. 'अंमलदार' माहीत आहे ना?"

"पु.लं.चं. तुम्ही कॉलेजात केलं होतं म्हणता ते."

"केलं होतं म्हणता काय? केलंच होतं. तेही गोगोलवरूनच. खोटा इन्स्पेक्टर गावात येतो आणि लाच खाणाऱ्या सगळ्या मंडळींची तारांबळ उडते. तर १९६२ साली लुइजी झाम्पानं तीच गोष्ट इटलीत आणली. साल घेतलं १९३७, मुसोलिनीच्या ऐन भरातलं. दक्षिणेतल्या एका गावात एक साधा विमा एजंट येतो, नीनो मानफ्रेदी, आणि गावच्या फॅसिस्ट पुढाऱ्यांना वाटतं की हा रोमहून आलेला गुप्त तपासनीस! त्यात मोस्किन आहे. मी तो बघत होते आणि सारखं वाटत होतं, अरे, ही आपलीच माणसं. कुणी कुणाकडे डोळे वटारायचे, कुणी कुणाच्या मागं दडायचं, सगळं ठरलेलं."

जोशीकाका म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण लोकांना तो कळला कधी?"

"टीव्हीवर. १९६४ साली. तिथल्या सरकारी टीव्हीनं 'ले मिझराब्ल'ची दहा भागांची मालिका केली, सान्द्रो बोल्की दिग्दर्शक. जाँ व्हालजाँ कोण? मोस्किन. मागं लागणारा इन्स्पेक्टर जाव्हेर म्हणजे तीनो कार्रारो, तोही नाटकातलाच मुरलेला. पावासाठी चोरी करून एकोणीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस, मग प्रतिष्ठित महापौर, मग पुन्हा पळणारा, मग म्हातारा. मोस्किन तेव्हा पस्तिशीचा. सगळी वयं एकाच अंगावर चढवायची. त्या वेळी तिथं घरोघरी टीव्ही नव्हता. ज्याच्याकडे होता त्याच्याकडे शेजारी खुर्च्या घेऊन जायचे."

"'रामायणा'च्या वेळी आमच्याकडे यायचे तसे," जोशीकाका.

"तुमच्याकडे आम्हीच यायचो, आणि वहिनी चहा द्यायच्या. तुम्ही फक्त आवाज वाढवायचा." काकू पुढे निघाल्या. "आता गंमत बघा. पाव चोरणारा हा माणूस पुढच्याच वर्षी सोनं चोरायला निघाला. १९६५चा 'सात सोनेरी माणसं', मार्को व्हिकारिओचा. जिनिव्हाच्या बँकेखालून भुयार खणून सोन्याच्या विटा पळवणारी टोळी. त्यात हा अडोल्फ नावाचा जर्मन. सिनेमा धमाल आहे, पण मोस्किनसाठी मुद्दाम बघावा असं काही नाही. बघायचा तो पुढचा."

काकूंनी पदर खोचला. आता खरं प्रकरण येणार हे मी ओळखलं.

"'सिन्योरे ए सिन्योरी', १९६६. सभ्य स्त्रीपुरुषहो, असं काही तरी. पिएत्रो जेर्मीचा. कानला त्या वर्षी सर्वोच्च पारितोषिक, ग्रां प्री, दोघांत वाटून दिलं. एक फ्रेंच लेलूशचा 'एक पुरुष आणि एक स्त्री', आणि दुसरा हा. व्हेनेतो भागातलं एक टुमदार गाव. त्रेव्हिझोत चित्रण केलंय. म्हणजे याच्या माहेरच्याच मुलखात म्हण. गावातली सगळी मंडळी सुखवस्तू. डॉक्टर, दुकानदार, बँकवाले. रविवारी चर्चला, संध्याकाळी चौकातल्या कॅफेत. आणि प्रत्येकाचं बाहेर काही ना काही चाललेलं. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. पण कुणी बोलत नाही, कारण बोललं की आपलंही निघतं."

"हे त्रेव्हिझो का विश्रामबाग?" मी विचारलं.

"हळू बोल, समोर खिडकी उघडी आहे," काकू म्हणाल्या आणि स्वतःच आवाज खाली आणला. "तर त्यात हा बिसिगातो. बँकेत हिशेब करणारा. घरी बायको जिल्दा. नोरा रिक्कीनं केलीय, आणि अशी केलीय की घरात शिरताना त्याच्या खांद्यांकडे बघावं. एकेक इंच खाली उतरतात. आणि बाहेर कॅफेच्या गल्ल्यावर बसणारी मिलेना, व्हिर्ना लीझी. गोरीपान, शांत. हा तिच्या प्रेमात पडतो. इथपर्यंत गावाला काही वाटत नाही, उलट चार जण पाठ थोपटतात. पण हा वेडा काय करतो? लपवत नाही! घर सोडतो आणि तिच्याबरोबर उघड राहायला लागतो. झालं. अख्खं गाव उठलं. कामावरचे साहेब, पाद्री, पोलीस, मित्र, बायको. ज्यांची स्वतःची लफडी आहेत ते सगळे एक झाले. चोरून करा, चालेल. उघड करू नका. शेवटी मिलेनाला गाव सोडायला लावतात आणि याला पुन्हा जिल्दाच्या दावणीला बांधतात."

जोशीकाका घसा खाकरून म्हणाले, "कुटुंबव्यवस्था म्हणून काही असतं, वहिनी."

"असतं की. पण त्या पोरीला विचारलं का कुणी? आणि ऐका, मी मोस्किनचं सांगतेय, बिसिगातोची वकिली नाही करत. त्याचं काम बघा. प्रेमात पडल्यावर तो देखणा दिसायला लागतो! मेकअप तोच, कपडे तेच, टक्कल तेच. नुसती मान वर येते. आणि शेवटी परत आल्यावर मान खाली. रडारड नाही, भाषण नाही. मी रात्री बघितला आणि सकाळी दूधवाला आला तरी मला काही सुचेना. इटलीतल्या सिनेपत्रकारांनी त्याला रौप्य फीत दिली, नास्त्रो द'अर्जेंतो, १९६७ साली. सहायक अभिनेता म्हणून. सहायक! त्या सगळ्या गोष्टीत नायक तोच. पण नायकाचा चेहरा नाही म्हटल्यावर काय देणार?"

"माझ्या मते," मी म्हटलं, "त्याचं सगळ्यात भारी काम 'मिलानो कालिब्रो ९'."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या भाजीत साखर घातली.

"तू कधी बघितलास?"

"ऑफिसातल्या एका पोरानं दिला. ती सगळी पोरं वेडी आहेत त्या सिनेमामागं. तारांतिनो त्याचं कौतुक करतो म्हणे. फेर्नान्दो दी लेओ, १९७२. सांगू का? तुरुंगातून सुटतो उगो पियाझ्झा. बाहेर येतो तोच त्याच्या जुन्या टोळीतली माणसं गाठतात. म्हणतात, तीन लाख डॉलर तूच पळवलेस. तो म्हणतो, नाही. पोलीस म्हणतात, तूच. तो म्हणतो, नाही. सगळा सिनेमाभर तो नाही म्हणतो, आणि चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. मार खातो तरी नाही. काकू, तुमचा बिसिगातो मान वर-खाली करतो. हा मानच हलवत नाही!"

"घेतलेले असतात का पण?" जोशीकाकांना राहवेना.

"सांगणार नाही. पण शेवटी रोक्को, मारिओ आदोर्फचा रोक्को, जो सिनेमाभर त्याला छळतो, त्याचं डोकं फिरतं ते उगोसाठी. अशा माणसापुढं टोपी काढायची असते, असं ओरडत ज्यानं उगोला मारलं त्याचं टाळकं फोडतो. अंगावर काटा येतो."

काकू जरा विचारात पडल्या. त्यांना बिसिगातो सोडायचा नव्हता, पण माझं बोलणंही टाकवत नव्हतं. मग त्यांनी नेहमीची युक्ती केली, बाजूनं आल्या.

"त्यात टोळीचा म्होरक्या कोण आहे, ठाऊक आहे? लायोनेल स्टँडर. खरखरीत आवाजाचा अमेरिकन. आता ऐक, याच्यासारखी गंमत सगळ्या इटलीत सापडायची नाही. त्याच १९७२ साली मोस्किन आणि स्टँडर पुन्हा समोरासमोर येतात. कशात? 'डॉन कामिल्लो'त!"

"तो भांडखोर पाद्री?" जोशीकाका खुलले. "फेर्नान्देलचा?"

"तोच. गावात पाद्री डॉन कामिल्लो आणि कम्युनिस्ट महापौर पेप्पोने. एकमेकांची डोकी फोडायला टपलेले आणि एकमेकांवाचून करमत नाही असे. पाद्री चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूशी गप्पा मारतो, येशू उत्तर देतो. पाचही सिनेमांत पाद्री फ्रेंच फेर्नान्देल आणि महापौर जीनो चेर्व्ही. १९७० साली सहावा सुरू झाला आणि मध्येच फेर्नान्देल आजारी पडला. कर्करोग. फेब्रुवारी १९७१ मध्ये गेला. चेर्व्ही म्हणाला, तो नाही तर मीही नाही. सिनेमा पडला. मग मारिओ कामेरीनीनं तो नव्यानं केला. पाद्री मोस्किन, महापौर स्टँडर."

"आणि लोकांनी?"

"लोकांनी काय, फेर्नान्देलचा तो घोड्यासारखा लांब चेहरा डोक्यात बसलेला. दुसऱ्याचं कौतुक करायला कोण येणार? पण घेतली त्यानं ती रिकामी झालेली खुर्ची. आणि स्टँडरची गंमत सांगायचीच राहिली. तो हॉलिवूडमधून काळ्या यादीत गेलेला, डाव्या विचारांचा म्हणून. मॅकार्थीच्या काळातलं सगळं. ज्याला अमेरिकेनं कम्युनिस्ट म्हणून बाहेर काढलं, तो इटलीत येऊन पडद्यावर कम्युनिस्ट महापौर झाला! एकाच वर्षी हे दोघं एका सिनेमात चोर आणि चोरांचा सरदार, दुसऱ्यात पाद्री आणि महापौर. पैसे मिळाले असतील म्हणून केलंही असेल, पण बघणाऱ्याची काय चंगळ!"

समोरच्या खिडकीतून पडदा हलला. जोशीकाकूंनी आतून हाक दिली, "अहो, आंघोळीचं पाणी निवतंय." जोशीकाका म्हणाले, "आलोच," आणि कुंपणाला आणखी रेलले.

"बेर्तोलुच्चीच्या 'कन्फॉर्मिस्ट'मध्येही होता ना तो?" मी विचारलं.

"१९७०. मान्गानिएल्लो. मुसोलिनीचा गुप्त पोलीस. सिनेमाचा नायक त्रँतिन्या, त्याला घेऊन एका प्रोफेसरच्या खुनाच्या कामगिरीवर जातो. गाडी, बर्फ, जंगल. मारायचं धैर्य याच्या अंगात आहे, आणि भित्र्या माणसांचा तिटकारा आहे. ज्याच्याबरोबर आलो तोच भित्रा निघाला, हे कळल्यावर याचं तोंड बघ. तत्त्वज्ञान सगळं दुसऱ्यांनी झाडायचं आणि हा आपला रस्त्याकडेला उभा राहून लघवी करता करता भित्र्यांना शिव्या घालतोय. तसला माणूस मी सरकारी कचेरीत बघितलाय, नाव नाही घेणार."

"घ्या की."

"नाही घेणार. बायको माझ्या भिशीत आहे."

"आणि काकू, त्याची इटलीतली ओळख कुठली? फानुच्ची?"

"छे! तिथं कुणी फानुच्ची म्हणत नाही. तिथं तो मेलान्द्री. 'आमीची मिएई', १९७५. माझे मित्र. हाही मुळात जेर्मीचाच सिनेमा, ज्यानं बिसिगातो दिला त्याचा. पण जेर्मी डिसेंबर १९७४ मध्ये गेला. मग मारिओ मोनिचेल्लीनं केला, आणि नावांच्या पाटीवर लिहिलं काय? चित्रपट पिएत्रो जेर्मीचा, दिग्दर्शन मारिओ मोनिचेल्ली. एवढं मोठं मन आजकाल कुठं बघायला मिळतं?"

"गोष्ट काय?"

"फ्लॉरेन्समधले पाच मित्र. पन्नाशीला आलेले, पण अक्कल दाढ न आलेले. एक कफल्लक सरदार, तो तोन्याझ्झी. एक पत्रकार, फिलिप न्वारे. एकाचा बार आहे. एक सर्जन, आदोल्फो चेली. आणि मोस्किन म्हणजे मेलान्द्री, सरकारी खात्यातला आर्किटेक्ट. काम काय यांचं? लोकांच्या खोड्या काढायच्या. स्टेशनावर जायचं, गाडी सुटायला लागली की खिडकीतून डोकं काढून निरोप घेणाऱ्यांच्या गालांवर फटाफट चापट्या मारत पळायचं. गाडीतले लोक काहीच करू शकत नाहीत, गाडी चाललीय!"

जोशीकाका इतके हसले की पेपर खाली पडला.

"हसा. पण मेलान्द्री सगळ्यांत हळवा. तो सारखा प्रेमात पडतो आणि पडला की मित्रांना विसरतो. दवाखान्यात असताना त्याचं मन जडतं ते थेट सर्जनच्या बायकोवर. धीर करून सर्जनला सांगायला जातो, की माझं तुमच्या पत्नीवर प्रेम आहे. सर्जन शांतपणे म्हणतो, घेऊन जा. बायको घे, मुली घे, मुलींची जर्मन दाई घे, आणि तो बिरिल्लो नावाचा अगडबंब सेंट बर्नार्ड कुत्रा पण घे. सगळा संसार याच्या गळ्यात! आता मोस्किनकडे बघ. प्रेमाची नशा अजून डोळ्यांत आहे आणि खाली कुत्र्याचा पट्टा हातात. थोडे दिवस जातात आणि हा सुटकेची वाट शोधायला लागतो. त्या सर्जनची पुढं मग याच टोळक्यात भरती."

"म्हणजे बिसिगातोचंच उलटं झालं की," मी म्हटलं. "तिथं गाव बाई घेऊ देत नाही. इथं नवराच गाठोडं बांधून देतो."

काकू क्षणभर थांबल्या. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," म्हणाल्या आणि लगेच, "पण काम बिसिगातोचंच मोठं."

"उगो पियाझ्झाचं."

"फानुच्ची," जोशीकाका म्हणाले. "जगात जाऊन विचारा."

"१९८२ला दुसरा भाग आला, १९८५ला तिसरा," काकूंनी मतदान होऊ दिलं नाही. "आणि मग हा पुन्हा नाटकाकडे वळला. ऐंशीच्या दशकात स्वतःची मंडळी काढली. आपल्याकडच्या नटांना एकदा सिनेमाचे पैसे दिसले की नाटक म्हणजे अंगावरची धूळ. सगळे नाही, डॉक्टर लागू होते, निळूभाऊ होते. पण बरेच. हा पडद्यावर एवढं नाव मिळाल्यावर पुन्हा रोजच्या रोज रंगपट, घामेजलेले कपडे, गावोगावची थिएटरं. पुढं उम्ब्रियात नार्नीच्या बाजूला राहायला गेला. जवळच्या तेर्नीत मुलीबरोबर अभिनय शिकवायची शाळा काढली."

"शेवटी शेवटी सिनेमा केला का काही?"

"टीव्ही. 'डॉन मात्तेओ' म्हणून मालिका आहे, सायकलवरून हिंडून खून शोधणारा पाद्री. तेव्हा तो टेरेन्स हिल होता. तोच, ठोसेबाजीच्या काउबॉय सिनेमांतला निळ्या डोळ्यांचा, बड स्पेन्सरच्या जोडीचा. २००० साली ती सुरू झाली, तेव्हा त्यात बिशप कोण? मोस्किन. आणि आता जोड लावून बघ. या टेरेन्स हिलनं १९८३ साली स्वतः दिग्दर्शन करून डॉन कामिल्लो केला होता! म्हणजे एक जुना डॉन कामिल्लो दुसऱ्या जुन्या डॉन कामिल्लोचा साहेब झाला. एक पाद्री सायकलवर, दुसऱ्याला बढती मिळून बिशपची टोपी. आहे की नाही?"

"कुणाच्या लक्षात तरी येतं का हे?"

"माझ्या आलं ना! म्हणून तर सांगतेय."

जोशीकाकू आता गेटपर्यंत आल्या होत्या. कंबरेवर हात. जोशीकाकांनी पेपर उचलला, पण पाय हलेना. "त्या पाच मित्रांतलं आहे का कुणी अजून?"

"कुणी नाही. चेली १९८६ला गेला, तोन्याझ्झी १९९०ला. बारवाला आधी देल प्रेते होता, मग त्याच्या जागी मोन्तान्यानी आला. दोघेही नव्वदच्या दशकात गेले. न्वारे २००६. मोनिचेल्ली २०१०. सगळ्यात शेवटी मोस्किन. ४ सप्टेंबर २०१७, तेर्नीत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. बातम्या आल्या तेव्हा बाहेरच्या पेपरांनी लिहिलं, 'गॉडफादर'मधला डॉन गेला. इटलीतल्यांनी लिहिलं, मेलान्द्री गेला."

"आणि बिसिगातो?"

"तो कुणी लिहिला नाही. म्हणून तर मी तुला सांगत बसले, इथं उन्हात." काकूंनी जुडी उचलली, मोजली, माझ्याकडे बघितलं. मी शेंगा दाखवल्या. त्या म्हणाल्या, "राहू देत, आमटीत टाक. आणि त्याची बायको माहीत आहे का? मार्झिया उबाल्दी. तीही नटी, डबिंगमध्येही तिचा आवाज होता. नटांच्या एजंटांवरच्या त्या फ्रेंच मालिकेची इटालियन आवृत्ती आली ना २०२३ साली, त्यात सगळ्यात जुनी, खमकी एजंट झालीय. त्याच वर्षी गेली ती. पण तिचं प्रकरण एका बैठकीत संपायचं नाही. चार वाजता ये. येताना तो तुझा कालिब्रो का फिलिब्रो पेनड्राइव्हवर घेऊन ये, बघू दे एकदा तुझ्या उगोची मान."

"मीही येऊ का?" जोशीकाका.

"तुम्ही आधी आंघोळ करा," जोशीकाकू म्हणाल्या.